शिराकामीचं बुनाचं रान: दाणा, अस्वल आणि न झालेला रस्ता

चिंचोक्याएवढा दाणा. शिंगाड्यासारख्या तीन धारा, तपकिरी रंग, अंगाला चकाकी. नखाने टरफल सोललं की आत पांढरट गर निघतो आणि तो कच्चाच खाता येतो. कडू नाही, तुरट नाही, शेंगदाण्यासारखा तेलकट, गोडसर. मऊ काट्यांच्या एकेका बोंडात असे दोन-दोन दाणे बसलेले असतात. उत्तर जपानमधल्या शिराकामी डोंगरांतलं एक अख्खं रान या दाण्याच्या हिशोबावर चालतं. अस्वलाच्या मादीला यंदा पिल्लं होणार का, उंदरांची पैदास किती वाढणार, खालच्या गावातल्या आजीबाईंनी परसात एकटं जावं की नाही, या एकमेकांपासून लांबच्या वाटणाऱ्या गोष्टी शेवटी या दाण्यापाशी येऊन मिळतात.

हे रान कुठे आहे ते आधी सांगतो. जपानचं सगळ्यात मोठं बेट होन्शू. त्याच्या उत्तर टोकाकडे आओमोरी आणि अकिता हे दोन प्रांत एकमेकांना लागून आहेत आणि त्यांच्या सीमेवर शिराकामी-सांची ही डोंगररांग पसरली आहे. डोंगर फार उंच नाहीत, १,२०० मीटरच्या थोडे वर जातात. कळसूबाई त्यांच्यापेक्षा उंच आहे. पण दऱ्या खोल, कडे उभे आणि माती सुटी, त्यामुळे आत शिरणं अवघड. सगळी रांग मिळून सुमारे १ लाख ३० हजार हेक्टर. तिच्या गाभ्यातल्या जवळपास १७ हजार हेक्टर जंगलाला डिसेंबर १९९३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. जपानच्या पहिल्या चार वारसास्थळांपैकी हे एक. १७ हजार हेक्टर म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण दीडपटीहून जास्त जागा, आणि तिच्यात माणसाने कधी मोठी तोड न केलेलं, मुख्यतः एकाच जातीच्या झाडाचं रान.

त्या झाडाला जपानीत बुना म्हणतात. युरोपात याचे भाऊबंद आहेत, त्यांना इंग्रजीत बीच म्हणतात; समुद्राच्या बीचशी त्याचा काही संबंध नाही, तरी घोटाळा नको म्हणून या लेखात मी बुनाच म्हणणार आहे. बुना सरळसोट वाढतो, २५-३० मीटरपर्यंत जातो, दोन-तीनशे वर्षं सहज जगतो, एखादा चारशेपर्यंतही पोचतो. साल राखाडी आणि इतकी गुळगुळीत की हत्तीच्या पायाची आठवण व्हावी. तिच्यावर दगडफुलाचे पांढरे-हिरवे डाग पडतात आणि प्रत्येक खोडाची नक्षी वेगळी दिसते. हिवाळ्याआधी सगळी पानं गळतात.

झाड नाही, असं झाड

बुना लिहायची जपानी लिपीत एक खूण आहे: एका बाजूला ‘झाड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नाही’. लोक तिचा अर्थ असा लावतात की हे झाड असून नसल्यासारखं, कामाला न येणारं. सुतारांची तक्रार खरी होती. बुनाच्या लाकडात पाणी फार. कापलं की वाळताना पिळवटतं आणि ओलं ठेवलं तर लवकर कुजतं. घराच्या खांबाला सुगी, म्हणजे जपानी देवदार, चालायचा, बुना नाही. म्हणून शतकानुशतकं डोंगरात बुना उभाच राहिला. काही जळणाला, काही कोळशाला गेला तेवढाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे बदललं. लाकूड वाळवण्याचं तंत्र सुधारलं, बुनाचं फर्निचर होऊ लागलं, प्लायवूड होऊ लागलं, कागदाचा लगदा होऊ लागला. त्याच सुमाराला सरकारने ठरवलं की ‘निरुपयोगी’ रानं तोडायची आणि तिथे सरळ, झपाट्याने वाढणारे सुगी लावायचे. देशभर डोंगरच्या डोंगर असे बदलले. त्याची किंमत जपान अजून मोजतो आहे. दर वसंतात सुगीच्या परागाचे पिवळे लोट उठतात आणि कोट्यवधी लोकांची नाकं-डोळे गळू लागतात. बुनाची सलग, मोठी, अस्पर्श रानं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. शिराकामी त्यांतलं सगळ्यात मोठं.

बर्फाने निवडलेलं झाड

तिथे बुनाच का माजला? उत्तर बर्फात आहे आणि तो बर्फ कसा पडतो हे मराठी माणसाला पटकन कळेल. आपल्याकडे जूनमध्ये वारा अरबी समुद्रावरून येतो, बाष्प उचलतो, सह्याद्रीला धडकतो आणि कोकण-घाटमाथा धुऊन काढतो. पलीकडे माणदेश कोरडाच राहतो. जपानात हेच हिवाळ्यात होतं. सायबेरियाकडून गारठलेला, कोरडा वारा सुटतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो, ज्यात त्सुशिमा हा उबदार प्रवाह वाहतो. वारा त्यावरून येताना बाष्पाने जड होतो आणि होन्शूच्या डोंगरांना आपटला की सगळं ओझं बर्फाच्या रूपात टाकतो. पश्चिमेच्या बाजूला काही मीटर जाडीचा थर आणि त्याच दिवसांत पॅसिफिकच्या बाजूला कोरडं, स्वच्छ ऊन. शिराकामी पश्चिमेच्या बाजूला आहे.

इतक्या बर्फाखाली बहुतेक झाडांची रोपं मोडतात. बुनाचं रोप मोडत नाही, वाकतं. चार-पाच महिने जमिनीला टेकून पडून राहतं आणि बर्फ वितळला की उठतं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आडवं. असं कितीतरी वर्षं चालतं, म्हणून उतारावरच्या मोठ्या बुनांचा बुंधा विळ्यासारखा वळलेला दिसतो आणि तिथून पुढे खोड सरळ वर जातं. बर्फ दाण्यांनाही सांभाळतो. वरती हवा शून्याच्या कितीतरी खाली गेली तरी थराखालची जमीन फार गोठत नाही, ओल टिकते आणि दाणा वाळून मरत नाही. जास्त बर्फाच्या या पट्ट्यात बुनाचं पानही मोठं असतं. पॅसिफिककडच्या बुनाचं पान त्याच्यासमोर लहान दिसतं.

या रानाचं वयही बर्फाशीच बांधलेलं आहे. शेवटच्या हिमयुगात युरोपावर बर्फाची जाड चादर आली आणि तिथली झाडं दक्षिणेकडे सरकू लागली, तर समोर आल्प्स पर्वत पूर्व-पश्चिम आडवा. पुष्कळ जाती तिथेच संपल्या. जपानात अशी चादर पसरली नाही आणि डोंगररांगा उत्तर-दक्षिण, त्यामुळे झाडांना खाली सरकायला आणि नंतर परत वर यायला वाट होती. शिराकामीत बुनाचं रान सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी आजच्यासारखं झालं, असं मानतात. म्हणून बुनासोबत इथे ५०० हून अधिक वनस्पती नांदतात. युरोपातली जुनी बीचची रानंही १८ देशांत मिळून एक वारसास्थळ म्हणून राखली आहेत, पण तिथे त्या झाडाला असा भरलेला शेजार नाही.

वसंतातली गोल खळगी

एप्रिल-मेमध्ये शिराकामीत एक दृश्य दिसतं. सगळीकडे अजून बर्फ असतो, पण प्रत्येक बुनाच्या बुंध्याभोवती मात्र गोल खळगी पडलेली असते, जणू कोणी झाडागणिक आळं करून ठेवलंय. कारण साधं आहे. बर्फ ऊन परतवतो, गडद खोड ते शोषून घेतं आणि खोडाच्या उबेने कडेचा बर्फ आधी वितळतो. खळगी रुंद होत होत शेजारच्या खळगीला मिळते आणि हळूहळू जमीन उघडी पडते. वर फांद्यांवर कळ्या उकलत असतात. कळीवरची तांबूस टरफलं गळून पांढऱ्या बर्फावर पसरतात आणि पायाखालचा बर्फ लालसर दिसू लागतो.

जमिनीलगतच्या फुलांना तेव्हा घाई असते. वर पानांचं छत मिटायच्या आत, मोजक्या आठवड्यांच्या उन्हात त्यांना सगळं उरकायचं असतं. काताकुरी नावाचं जांभळट-गुलाबी फूल यात पुढे. त्याचं बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं लागतात. बीला चिकटलेला खाऊ मुंग्यांना आवडतो. त्या बी ओढून नेतात, खाऊ खातात आणि बी टाकून देतात. झाली पेरणी.

मग पाऊस येतो. बुनाच्या फांद्या वर उचललेल्या असतात, साल गुळगुळीत, त्यामुळे पानांवर पडलेलं पाणी फांदीवरून खोडावर आणि खोडावरून धारेने मुळांशी उतरतं. खाली वर्षानुवर्षांचा पालापाचोळा गादीसारखा साचलेला असतो. तो पाणी पिऊन घेतो आणि सावकाश सोडतो. खालच्या खोऱ्यांतली भातशेती या पाण्यावर चालते. या पाचोळ्यातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट निघाली. १९९०च्या दशकात अकितामधल्या संशोधकांना त्यात पाव फुगवणारं एक रानटी यीस्ट सापडलं, जे गोठवलं तरी मरत नाही. आज त्याचे पाव जपानभर मिळतात.

लाग: पाच वर्षं चूल बंद, मग गावजेवण

आता मूळ दाण्याकडे येऊ, कारण या रानाचं खरं मर्म तिथे आहे.

कोकणात आपण म्हणतो, यंदा आंब्याला लाग चांगला आहे, किंवा यंदा नाही. पुष्कळ हापूस वर्षाआड धरतात हे बागाईतदाराला ठाऊक असतं. बुना याच्या फार पुढे जातो. साधारण पाच ते सात वर्षांतून एकदा त्याला भरघोस लाग येतो, फांद्या बोंडांनी लगडतात आणि जमिनीवर दाण्यांचा सडा पडतो. मधल्या वर्षांत थोडा, तर काही वर्षांत जवळपास शून्य. शिवाय हे एकट्या-दुकट्या झाडाचं नसतं. डोंगरामागून डोंगर, शेकडो किलोमीटरच्या टापूत बहुतेक बुना एकाच वर्षी फळतात आणि एकाच वर्षी रिकामे राहतात. आपल्याकडे सात-आठ वर्षांनी सगळ्या घाटात एकदम फुलणारी कारवी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणता येईल. फरक इतकाच की कारवी फुलून मरते, बुना मात्र पुढच्या लागाच्या तयारीला लागतो.

असं का? झाडाच्या बाजूने विचार करू. दाण्याला गिऱ्हाईक फार. एका जातीच्या पतंगाच्या अळ्या तर बोंड कोवळं असतानाच आत शिरून दाणा पोखरतात. जे दाणे खाली पडतात ते उंदीर नेतात, पक्षी नेतात, अस्वल खातं. झाडाने दरवर्षी सारखीच पंगत घातली, तर जेवणारेही त्याच मापाने वाढतील आणि एक दाणा उरणार नाही. त्याऐवजी काही वर्षं चूल बंद ठेवली, तर पतंग आणि उंदीर उपासमारीने कमी होतात. मग एका वर्षी अचानक गावजेवण घातलं की खाणारी तोंडं कमी आणि अन्न उदंड. सगळ्यांची पोटं भरूनही दाणे शिल्लक राहतात आणि त्यांतले काही रुजतात. एकट्या झाडाने हे करून भागत नाही, कारण शेजारचं झाड फळलं तर खाणारे जिवंत राहतातच. उपास आणि जेवण, दोन्ही सगळ्या गावाने मिळून करावं लागतं.

झाडं एकमेकांना सांगतात कशी? कोणी कोणाला काही सांगत नाही. सगळ्यांवर सारखंच हवामान गेलेलं असतं, तोच निरोप. फुलाची कळी आदल्या उन्हाळ्यात धरते आणि त्या उन्हाळ्याची ऊब-थंडी तिच्यावर परिणाम करते. त्यात झाडाच्या पोटातली शिल्लक धरा: भरघोस लागानंतर झाड थकलेलं असतं, साठा पुन्हा जमेपर्यंत ते मोठा खर्च करत नाही. शिवाय बुनाचा पराग वाऱ्यावर जातो, त्यामुळे आजूबाजूला फुललेली झाडं नसतील तर एकट्याने फुलून फारसं काही धरत नाही. कधी वसंतात उशिरा हिम पडतं आणि सगळा फुलोरा करपतो, तेव्हा सगळेच एकदम रिकामे राहतात. अशा दोन-चार गोष्टी मिळून सगळं रान एका तालावर येतं.

कळी आदल्या वर्षीच धरत असल्यामुळे एक सोय झाली आहे. फुलाची कळी पानाच्या कळीपेक्षा गुबगुबीत असते. शरद ऋतूत फांद्या कापून त्यांवरच्या कळ्या मोजल्या की पुढच्या वर्षीचा अंदाज येतो. तिथलं वनखातं दरवर्षी बुनाच्या लागाची नोंद ठेवतं आणि त्याला भरघोस, बेताचा, वाईट, अगदीच वाईट अशा पायऱ्या लावून जाहीर करतं. आपल्याकडे पीक पाण्याची आणेवारी निघते, तशी ही रानाची आणेवारी म्हणावी.

झाडावरचा माळा

ही आणेवारी सगळ्यात जास्त कोणाला लागू पडते तर अस्वलाला. शिराकामीतलं अस्वल काळं, छातीवर पांढरी चंद्रकोर असलेलं. जपानी नावाचा अर्थच चंद्रकोरीचं अस्वल. हिमालयात जे काळं अस्वल आहे तीच ही जात. आपल्या सह्याद्रीतलं लांब केसांचं, वारुळं उकरणारं अस्वल वेगळं.

लागाच्या वर्षी ते बुनावर चढतं, वरच्या बेचक्यात बसतं, हाताला येईल ती फांदी ओढून मोडतं, तिच्यावरचे दाणे खातं आणि रिकामी फांदी बुडाखाली सारतं. मग पुढची. तास-दोन तासांत मोडक्या फांद्यांचा असा ढीग होतो की अस्वल त्यावर आरामात बसू शकतं. याला कुमादाना म्हणतात. कुमा म्हणजे अस्वल, दाना म्हणजे फळी. आपण माळा म्हणू. एरवी हा पानांत लपतो, पण पानझड झाली की उघडा पडतो, कारण मोडलेल्या फांदीवरची वाळकी पानं गळत नाहीत. नुसत्या राखाडी फांद्यांच्या रानात मधूनच एखाद्या प्रचंड घरट्यासारखा तपकिरी गठ्ठा दिसतो. त्याच झाडाच्या खोडावर पाहिलं की नखांचे ओरखडे सापडतात. बुनाची साल पातळ, त्यामुळे ते भरून निघत नाहीत; झाड जाड होईल तसे रुंदावत वर्षानुवर्षं राहतात. जुन्या खोडांवर अस्वलांच्या कित्येक पिढ्यांच्या चढण्या-उतरण्याची नोंद अशी वाचता येते.

आता गंमत नव्हे, नवल. अस्वलांचा मिलनकाळ उन्हाळ्यात असतो, पण मादीच्या पोटातला गर्भ लगेच वाढीला लागत नाही. तो गर्भाशयात तसाच थांबून राहतो. शरद ऋतूत मादीने किती चरबी साठवली यावर पुढचं ठरतं. अंगात पुरेसं असेल तर हिवाळ्याच्या तोंडावर गर्भ रुजतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत, बर्फाखालच्या गुहेत किंवा झाडाच्या ढोलीत, ती अर्धवट झोपेत असताना मुठीएवढी पिल्लं जन्मतात, बहुधा दोन. नसेल तर गर्भ रुजतच नाही. बुनाच्या लागाचा आकडा असा थेट मादीच्या कुशीपर्यंत पोचतो.

याची दुसरी बाजू वाईट आहे. भरघोस लागाच्या पाठोपाठ पिल्लं वाढतात आणि लगेचच्या शरदात, थकलेल्या झाडांवर, खायला काहीच नसतं. तोंडं जास्त, दाणे नाहीत. अस्वलं खाली उतरतात. २०२३ मध्ये उत्तर होन्शूच्या बुनाचा लाग अगदीच वाईट होता. त्या वर्षी जपानभर अस्वलांच्या हल्ल्यांत २०० हून जास्त माणसं सापडली, काहींचे जीव गेले आणि सगळ्यात जास्त झळ अकिताला बसली. पण सगळा दोष बुनाच्या माथी मारणं बरोबर नाही. अकिता हा जपानमधला सगळ्यात म्हाताऱ्या वस्तीचा प्रांत आहे. तरुण शहरांत गेले, डोंगराच्या पायथ्याची शेतं पडीक झाली, गाव आणि रान यांच्यामधला मोकळा पट्टा झुडपांनी भरून गेला. परसातली पर्सिमनची आणि चेस्टनटची झाडं फळतात, पण तोडायला माणूस नाही. भुकेल्या अस्वलाला ही फळं थेट उंबरठ्यापर्यंत आणून सोडतात.

मेलेलं झाडही कामाला

शिराकामीत इतरही जीव पुष्कळ आहेत. कामोशिका नावाचा, शेळी आणि हरणाच्या मधला दिसणारा, अंगभर लोकर असलेला प्राणी उभ्या कड्यांवर चरतो. माकडं आहेत. सोनेरी गरुड आहे. यामाने नावाचा अंगठ्याएवढा, झुबकेदार शेपटीचा जीव वर्षातला जवळपास निम्मा काळ चेंडूसारखा गुंडाळून झोपतो. पण मला थांबावंसं वाटतं ते काळ्या सुतार पक्ष्यापाशी.

कुमागेरा हे त्याचं नाव. कावळ्याएवढा, अंगभर काळा, नराच्या डोक्यावर पूर्ण लाल टोपी. होन्शू बेटावर त्याची वीण होते हे नक्की कळलं ते १९७८ मध्ये, अकितातल्याच एका डोंगरात. तोवर तो फक्त उत्तरेकडच्या होक्काइडो बेटाचा समजला जाई. घरट्यासाठी त्याला जाड, सरळ, खाली फांद्या नसलेला जिवंत बुना लागतो, कारण त्या गुळगुळीत सालीवर सापाला चढणं कठीण जातं. खायला मात्र मुंग्या आणि अळ्या लागतात, आणि त्या राहतात कुजक्या लाकडात. म्हणजे एकाच रानात दोनशे वर्षांचं जिवंत झाडही हवं आणि पडून सडणारा ओंडकाही हवा. लावलेल्या, साफसूफ ठेवलेल्या बनात हे दोन्ही मिळत नाही. होन्शूवर हा पक्षी आज अतिशय दुर्मीळ आहे. त्याने सोडलेल्या ढोलीत वटवाघळं आणि उडणाऱ्या खारी राहायला येतात.

मेलेल्या बुनावर शरदात एक अळंबी उगवते. जाड, तपकिरी, अर्धगोल टोपी. पहिल्या नजरेला थेट शिताके, म्हणजे जपानातली खाण्याची अळंबी. अंधारात तिच्या खालच्या पापुद्र्यांतून फिकट हिरवा उजेड येतो, म्हणून नाव चांदण्याची अळंबी. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात चमकणारी बुरशी दिसते, त्याच प्रकारचा हा थंड उजेड. पण ही विषारी आहे आणि शिताके समजून खाल्ल्यामुळे जपानात दरवर्षी लोक आजारी पडतात. जाणकार माणूस देठाशी ती उभी फाडून बघतो. आत काळसर डाग दिसला की टाकून देतो. अशा बुरशा ओंडक्याला हळूहळू माती करतात. मोठा बुना कोसळला की वरच्या छताला भगदाड पडतं, जमिनीवर ऊन येतं आणि सावलीत वर्षानुवर्षं हातभर उंचीवर थांबलेली रोपं एकदम उठतात. जंगलाची नवी पिढी अशी एकेका भगदाडातून येते. म्हणून गाभ्यातल्या जंगलात पडलेलं झाडही हलवत नाहीत.

रस्ता झाला नाही

हे रान आपोआप वाचलेलं नाही. आओमोरी आणि अकिता जोडणारा, सुमारे ३० किलोमीटरचा, डोंगराच्या थेट पोटातून जाणारा जंगलरस्ता ठरला होता आणि १९८२ मध्ये काम सुरूही झालं. रस्ता आला की मागोमाग करवत येणार, हे सगळ्यांना दिसत होतं. निसर्गप्रेमी विरोधाला उभे राहिले. पण पारडं फिरलं ते रस्त्याची आखणी आकाइशी नदीच्या उगमाकडे वळली तेव्हा. त्या खोऱ्यातल्या लोकांच्या मनात एक जुनी रात्र होती. मार्च १९४५ मध्ये बर्फ वितळण्याच्या दिवसांत वर अडलेलं पाणी फुटून खाली आलं आणि तिथल्या डोंगरी वस्तीवर कोसळलं; एका फटक्यात ८० हून जास्त माणसं गेली. उगमाचं रान तोडलं तर काय होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. राखीव जंगलाचा दर्जा काढायला हरकती मागवल्या, तेव्हा १९८७ मध्ये १३ हजारांहून जास्त हरकती दाखल झाल्या. काम थांबलं आणि १९९० मध्ये रस्ता अधिकृतपणे सोडून दिला. तीन वर्षांनी तेच डोंगर जागतिक वारसा झाले.

वारसा झाल्यावर मात्र एका समाजाचं नातं तुटलं, आणि ते मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या डोंगरात मातागी नावाचे शिकारी पिढ्यान्‌पिढ्या वावरत. वसंतात, बर्फ असतानाच, टोळीने अस्वलाच्या शिकारीला जात. डोंगराची देवी त्यांची मालकीण. ती मत्सरी आहे असं मानत, म्हणून तिला खूश करायला कुरूप तोंडाचा ओकोझे मासा वाहत. आपल्यापेक्षा कुरूप कोणी आहे हे पाहून ती प्रसन्न होते म्हणे. डोंगरात गावातले शब्द चालत नसत, तिथली बोली वेगळी. मारलेलं अस्वल हे देवीने दिलेलं दान, त्याचे वाटे सगळ्यांना सारखे. पुढे गाभ्यातल्या भागात जाण्यावर बंधनं आली. अकिताच्या बाजूने प्रवेश मुळात बंद आहे. आओमोरीच्या बाजूने ठरावीक वाटांनी आणि आधी कळवून जाता येतं. २००४ पासून तिथे शिकारही बंद आहे. जंगल ज्यांना पाठ होतं त्यांनाच ते परकं झालं. कुऱ्हाड बाहेर ठेवायला कुंपण लागतं हे मला मान्य आहे. पण रानात राहून रान राखणाऱ्याला त्याच कुंपणाबाहेर ठेवलं की रानाची भाषा बोलणारं माणूस संपतं. आपल्याकडच्या अभयारण्यांच्या हद्दीतल्या वाड्यापाड्यांवर हाच प्रश्न उभा आहे.

कमी होणारा बर्फ

सध्या काळजीची गोष्ट कुऱ्हाडीची राहिलेली नाही. जाड बर्फात चालता येत नाही म्हणून हरीण आणि रानडुक्कर या डोंगरांत जवळपास नव्हते. जे थोडे होते ते शिकारीत संपले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र शिराकामीच्या आसपास लावलेल्या कॅमेऱ्यांत हरणं दिसू लागली आहेत. जपानच्या इतर डोंगरांत हरणांनी जमिनीलगतचं सगळं हिरवं खाऊन टाकल्याची उदाहरणं आहेत. तिथे मोठी झाडं उभी दिसतात, पण खाली एकही रोप नसतं. रान म्हातारं होतं आणि मागे कोणी उरत नाही. बर्फ कमी झाला तर हरणांना हिवाळा काढणं सोपं जाईल आणि बुनाला मात्र अवघड. बुनाची वाकून उठण्याची कला जिथे कामाची राहत नाही, तिथे इतर झाडं त्याच्यावर मात करतात. हवामान असंच तापत गेलं तर शिराकामीत बुनाला मानवणारी जागा या शतकाअखेर पुष्कळ आक्रसेल, असं अभ्यास सांगतात. डोंगर १,२०० मीटरवर संपतो. त्याला वर सरकायला जागा नाही.

बुनाचा पहिला लाग यायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात, सावलीत अडकलेल्या रोपाला त्याहूनही जास्त. या वसंतात बर्फाच्या गोल खळगीत जे रोप उगवलं, उंदीर-हरणांच्या तोंडातून जे वाचलं आणि ज्याला भगदाडातलं ऊन मिळालं, ते आपला पहिला तीन धारांचा दाणा टाकेल तेव्हा २०७० साल जवळ आलेलं असेल.